नऊ जणांच्या वतीनं

आपल्याकडे आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. घरात तर आभार मानणं म्हणजे जवळजवळ भांडण काढणंच. ताट वाढलं म्हणून माझ्या धाकट्या भावानं एकदा काकूला थँक्यू म्हटलं, तर काकू त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. “मी काय खाणावळ चालवते?” असं तिचं म्हणणं. अशा घरातून मी निघाले आणि दारव्ह्याला जाऊन पडले ती नेमकी अशा बाईच्या घरात, जिचा उभा दिवस म्हणजे एक लांबलचक आभारप्रदर्शन होतं.

मी तेव्हा विजेच्या कचेरीत इंजिनियर म्हणून नवीनच लागले होते. सांगलीकडची मुलगी, यवतमाळ जिल्हा फक्त नकाशात पाहिलेला. कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं, सिस्टरकडे एक खोली रिकामी आहे. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. ख्रिस्ती, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मी गेले तेव्हा ती दारातच उभी होती. ठेंगणी, रुंद बांध्याची, पांढरं पातळ नेसलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“इलेक्ट्रिकची का तू?”

“हो.”

“मंग ये. लाइट गेली का काहून गेली म्हणून विचारायले मले घरातच माणूस पायजे.”

मी उंबऱ्यात पाय टाकणार, तोच तिनं उजवा हात वर केला आणि डोळे मिटले.

“बापा, पोरगी एवढ्या दुरून आली, एस्टीत तिले बसायले जागा भेटली... भेटली ना वो?” डोळे न उघडताच तिनं मला विचारलं.

“यवतमाळपासून भेटली,” मी म्हटलं.

“यवतमाळपासून भेटली, त्याबद्दल तुहे उपकार. त्याच्या आंधी उभी राह्यली तरी पाय मोडले नाही, त्याबद्दल तुहे उपकार. दिसायले भांडखोर नाही, त्याबद्दल तुहे उपकार. आमेन. पाय धुऊन घे.”

त्या दिवसापासून ती माझी मावशी झाली. गावाची मात्र ती सिस्टरच राहिली.

तिची सकाळ अंथरुणातच सुरू व्हायची, तीही मोठ्यानं. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत होती. तिकडून ऐकू यायचं, “डावा गुडघा दुखून राह्यला बापा. पण उजवा गप्प आहे, त्याबद्दल तुहे उपकार.” मग एकेक अवयव हजेरी दिल्यासारखा पुढं यायचा. कान, दात (जेवढे उरले होते तेवढे), पोट. पोटाचं झालं की ती उठायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. महिन्याभरानं माझाच गुडघा टेबलावर आपटला, तेव्हा दुसऱ्या गुडघ्याची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

लाइट गेली की दारव्ह्यात जे व्हायचं ते मी सांगायला नको. फोनवर शिव्या, कचेरीच्या दाराशी माणसं, गल्लीतून जाताना खिडकीखिडकीतून टोमणे. त्या सगळ्या गोंधळात आमच्या अंगणातून एकच टाळी वाजायची. “बापा, तुहे उपकार! सिरियली बंद झाल्या. आता नवराबायको एकमेकांचं तोंड पाह्यतीन.” तासाभरानं लाइट आली की पुन्हा टाळी, पुन्हा उपकार.

“मावशी, गेल्यावरही आभार आणि आल्यावरही?” मी एकदा विचारलं.

“मंग! गेली नसती तर आली कशी असती?”

हे गणित कचेरीत कोणाला सांगायची सोय नव्हती. पण एक खरं, दिवसभर गावाच्या शिव्या खाऊन आल्यावर लाइट गेल्याचा आनंद मानणारं गावात एक तरी माणूस आहे, याचा मला फार आधार वाटायचा.

आता ती साधीभोळी, गोड म्हातारी होती असं कोणाला वाटत असेल तर तसं नव्हतं. आभार हे तिचं हत्यारही होतं. शेजारची बाई मोरीचं पाणी सर्रास गल्लीत सोडायची. मावशीनं तिला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग एके सकाळी कुंपणाशी उभी राहून ती गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थनेला लागली. “बापा, माह्या शेजारणीले तू एवढं पाणी देलं का ते तिच्या घरात मावत नाही, त्याबद्दल तुहे उपकार. त्या पाण्यानं आमच्या दारात शेवाळ आलं, हिरवंगार दिसते, त्याबद्दल उपकार. काल पोस्टमन त्याच्यावरून घसरला पण त्याचं कंबरडं शाबूत आहे, त्याबद्दल...” आठवड्याच्या आत शेजारणीनं शोषखड्डा खणून घेतला. त्याबद्दलही उपकार मानले गेले, मात्र हळू आवाजात.

चर्चमध्ये तर पाळकसाहेब तिला वचकूनच असायचे. उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ, की ते दुसरीकडं पाहायचे. पण ही उठायचीच. एकदा माझ्यासमोर, मला नाताळाआधीच्या रविवारी हट्टानं घेऊन गेली होती तेव्हा, ती उभी राहिली आणि म्हणाली, “आज पाळकसाहेबायचा घसा बसला होता म्हणून प्रवचन लवकर संपलं, माह्या कंबरेच्या वतीनं प्रभूचे उपकार.” बाकांवर खसखस पिकली. पाळकसाहेबसुद्धा बसल्या घशानं हसले. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “ताई, आम्ही वर्षातून एकदा हंगामाच्या सणाला देवापुढं पीक ठेवतो आणि उपकारस्तुती करतो. यांचा हंगाम बारमाही आहे.”

तिचे कोणी आभार मानलेले मात्र तिला चालायचे नाहीत. निवृत्त झाल्यापासून गावात निम्म्या लोकांना तिनं घरबसल्या कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं, पट्टी बांधलेली. कोणी रस्त्यात “सिस्टर, तुमच्यामुळं वाचलो वो,” म्हटलं की ती बोट वर करून म्हणायची, “मले नको सांगू. तिकडं सांग. मी फक्त चिमटा धरला होता.” आणि त्या माणसानं नुसतं हसून निघून जायचं ठरवलं तर पाठीमागून हाक यायची, “सांगशीन ना? का मीच सांगू?”

हा “का मीच सांगू” काय प्रकार आहे, ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

कळलं ते तुरीच्या शेंगा सोलताना. मावशीनं नोकरी केली ती सगळी मिशनच्या एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात. नवराही तिथंच गाडी चालवायचा. शेंगा सोलत बसलं की ती त्या दिवसांवर यायची. त्या दिवशी तिनं मला येशूची एक गोष्ट सांगितली. दहा कुष्ठरोगी होते, येशूनं दहाही जणांना बरं केलं, आणि आभार मानायला त्यातला एकच परत आला.

“पाळकलोक या गोष्टीवर लय प्रवचन करतात,” ती म्हणाली. “त्या नऊ जणायले लय शिव्या देतात. कृतघ्न म्हणतात. मले त्याचा राग येते. कायले देता शिव्या? मी पाह्यलं ना ते! पंधरा-पंधरा वर्षं घरच्यायनं तोंड पाह्यलं नाही अशी माणसं. डॉक्टरनं सांगितलं का तू बरा झाला, जाय, का ते माणूस एस्टीकडं असं पळे... वहाण पायात आहे का हातात, ते नाही पाहे. कोणाची बायको वाट पाहून राह्यली, कोणाची नाही पाहून राह्यली. आभार मानायले वापस येईन तो? मी म्हणतो, येऊच नाही. घरी जाय बावा आंधी.”

वऱ्हाडातल्या बायका “मी म्हणतो, मी जातो” असंच बोलतात. तिच्या तोंडी ते फार ठाम वाटायचं.

“मग त्यांच्या आभाराचं काय?” मी विचारलं.

“मी आहे ना,” ती म्हणाली. “त्या नऊच्या वतीनं मी मानतो. रिटायर झाल्यावर दुसरं काय काम आहे मले?”

एवढं बोलून ती शेंगा सोलायला लागली. “का मीच सांगू”चा अर्थ मला तेव्हा लागला. शेजारीण, पोस्टमन, लाइट आल्यावर टीव्हीपुढं जाऊन बसलेली सगळी गल्ली, सगळ्यांच्या वतीनं ही बाई रोज देवाच्या दारात उभी राहत होती. कोणी विसरलं म्हणून देवाला वाईट वाटू नये, एवढाच तिचा हेतू.

तिच्या नवऱ्याबद्दल मी एकदाच विचारलं. “त्यांच्या मरणाचेही आभार मानले का मावशी?”

ती रागावली नाही. म्हणाली, “मरणाचे कायले मानू? मरण काय चांगली गोष्ट आहे? तो गेला तव्हा त्याचा हात माह्या हातात होता. त्याचे मानले. बाकीचं अजून देवासंगं बोलनं चालू आहे.”

मला दारव्हा सोडूनही आता काही वर्षं झाली. बदल्या होत होत मी नाशिकला पोचले. मावशी अजून त्याच घरात आहे, आता कानानं कमी ऐकते, म्हणून फोनवर दोघी ओरडतो. मी काही बरं-वाईट सांगितलं की पलीकडून ती आधी विचारते, “तुह्या वतीनं बोलू का?” मी हो म्हटलं तर बोलते. एकदा आईच्या आजारपणात मी वैतागून “नको” म्हटलं, तर “बरं बाई,” म्हणाली आणि आईला जेवण जातं का ते विचारत बसली. कोणाच्या वतीनं बोलण्याआधी असं विचारायची तिला पूर्वी सवय नव्हती. ती कशी लागली ते सांगायचं तर आमच्या लाइनमनचं सांगायला हवं.

आमचा हा लाइनमन दारव्ह्याचाच. त्याचे भाऊ, चुलते सगळे गॅरेजवाले. हा एकटा खांबावर चढणारा. कचेरीत सगळे त्याला भाई म्हणत. उंच, हसरा, आणि बडबड्या इतका की खांबावर चढल्यावरही खालच्याशी गप्पा चालू. मावशीचं आणि त्याचं चांगलं जमायचं. आमच्या दारातल्या खांबावर तो चढला की ती खालून ओरडायची, “पडू नको रे भाई, मले आता धावता येत नाही!” तो वरून म्हणायचा, “सिस्टर, तुमची दुआ चालू ठेवा, मी नाही पडत.”

हिवाळ्यातला एक रविवार होता. बाजाराच्या रस्त्यावरची मोठी तार दुरुस्त करायची होती. लाइन रीतसर बंद केली होती, भाई वर चढला होता. पण जवळपास कुठंतरी एक मोठा जनरेटर चालू झाला आणि त्याचा करंट उलटा आमच्या तारेत शिरला. असं होऊ शकतं हे आम्ही पुस्तकात शिकतो. त्या दिवशी ते झालं. भाई खांबावरून खाली पडला.

मावशी नेमकी चर्चमधून परत येत होती. मी कचेरीतून धावत पोचले तेव्हा रस्त्यावर माणसांचा घोळका होता आणि मधोमध पांढऱ्या पातळातली ती ठेंगणी बाई गुडघ्यांवर बसून भाईची छाती दोन्ही हातांनी दाबत होती. दोऱ्यानं बांधलेला चष्मा बाजूला मातीत पडलेला. ती मोजत होती, दाबत होती, धापा टाकत होती. कोणी तरी “सिस्टर, आता सोडा,” म्हणालं. तिनं वर पाहिलंही नाही. आणि मग भाईच्या घशातून एक घरघर आली, आणि तो श्वास घ्यायला लागला.

यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. जीव वाचला. उजवा हात कोपराखालून कापावा लागला. डावा राहिला, पण भाजून बोटं आखडलेली.

पंधरवड्यानं मी आणि मावशी नागपूरला त्याला पाहायला गेलो. तो झोपला होता. उशाशी त्याची बायको बसली होती, आम्ही तिला भाभी म्हणायचो. गॅलरीत लहान मुलगी भाईच्या भावाच्या खांद्यावर. मावशी कॉटजवळ गेली, भाईच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि तिच्या नेहमीच्या सवयीनं तिचा उजवा हात वर गेला.

“बापा, या लेकराचा जीव तू वाचवला, याच्या बायकोच्या वतीनं, याच्या पोरीच्या वतीनं तुहे...”

“सिस्टर.”

भाभीचा आवाज मोठा नव्हता. पण मावशी थांबली.

“तुम्ही त्यांची जान वाचवली, तुमचा एहसान मी जिंदगीभर नाही विसरणार,” भाभी म्हणाली. “पण सकाळी यांनी मला काय विचारलं माहीत आहे? म्हणाले, आता छोटीला उचलून कसं घेऊ? तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडले आहेत. एक शब्द नाही. माझ्या तोंडातून आज शुक्र निघत नाही, आभाराचा शब्द निघत नाही, सिस्टर. जिस दिन निकलेगा, मी बोलीन. मेरे बदले तुम मत बोलो.”

वॉर्डातली शेजारची माणसं बघायला लागली. मावशीचा वर गेलेला हात तसाच होता. मग तिनं तो हळूच खाली घेतला, आणि “हाव बाई,” एवढंच म्हणाली. आणलेली संत्री स्टुलावर ठेवली. परतीच्या एस्टीत ती खिडकीबाहेर बघत होती. बसायला जागा मिळाली होती, पण हात वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. मी घाबरून आत गेले, तर मावशी चुलीपाशी बसून चहा करत होती. गुडघ्यांचा उल्लेख नाही, दातांचा नाही. त्या आठवड्यात लाइट दोनदा गेली आणि दोनदा आली. टाळी वाजली नाही. पहिल्या वेळी लोकांना बरं वाटलं असावं. दुसऱ्या वेळी शेजारीण कुंपणाशी येऊन मला दबक्या आवाजात विचारायला लागली, “सिस्टरची तब्येत बरी आहे ना वो? काही आवाज नाही.” बाजारात भाजीवालीनंही तेच विचारलं. पाळकसाहेब घरी येऊन गेले. मावशीनं त्यांना चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आम्हाला कोणालाच ती शांतता सोसत नव्हती.

मीच एकदा विषय काढला. “मावशी, भाभी दुःखात बोलली. तिचं एवढं मनाला लावून घेऊ नका.”

“ती खरं बोलली वो,” मावशी म्हणाली. “म्हणून तर लागलं.” मग चष्मा पदरानं पुसत, “मी त्या नऊ जणायच्या वतीनं एवढी वर्षं बोलत राह्यली. पण त्यायनं मले कधी सांगितलं होतं का बोल म्हणून? एखाद्याची बायको दुसरं लग्न करून बसली असन. एखाद्याले गावानं वेशीतच अडवलं असन. तो बरा झाला, पण त्याचं काय बरं झालं? आणि मी इथं मोठ्यानं त्याच्या नावानं आभार मानून राह्यली. माह्या गुडघ्याचं दुखनं माहं आहे, त्याच्यात मले देव दिसला तर मी त्याचे उपकार मानीन. पण भाईच्या हाताचे उपकार मानणारी मी कोण?”

“मग आता?”

“आता काही नाही. आता काम,” ती म्हणाली, आणि ट्रंकेतून एक खोलगट जर्मनचं भांडं काढून घासायला लागली.

भाई घरी आला त्या आठवड्यापासून ती रोज दुपारी त्यांच्या घरी जायला लागली. बरोबर ते भांडं आणि मेणाचे तुकडे. कुष्ठरोग्यांची बोटं अशीच आखडतात, त्यांना कोमट मेणाचा शेक देऊन, तेल लावून, एकेक बोट सरळ करायला लावतात. तेच आयुष्यभर तिनं केलेलं. कधी कचेरीतून वेळ मिळाला तर मीही जायची. भाई भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. डावा हात मात्र काढून द्यायचा, जसा तो हात त्याचा नाहीच. मावशी त्या हाताशी बोलायची. “उचल ना हे बोट. काय झालं? त्याच्यावर काय म्हैस बसली? हां, एवढंसं उचललं. उद्या अजून उचलशीन.” देवाचं नाव नाही. त्या घरात तिनं देवाचं नाव एकदाही काढलं नाही.

एका दुपारी भाईनं अचानक पाय झाडला आणि मेणाचं भांडं उलटं झालं. फरशीभर मेण पसरलं. भाभी स्वयंपाकघरातून धावत आली. मावशी तशीच खाली बसलेली. मी पाहिलं, तिचे ओठ हलले. भाजलं नाही, भांडं चेपलं नाही, मेण वाया जात नाही, काय-काय तिच्या ओठांवर आलं असेल! पण तिनं ओठ मिटले आणि पदर खोचून सुरीनं फरशीवरचं मेण खरवडायला लागली. भाभीनं ते पाहिलं. ती आत गेली, दुसरी सुरी घेऊन आली आणि मावशीसमोर बसून तीही खरवडायला लागली. फरशी साफ झाल्यावर भाभीनं चहा टाकला. नागपूरनंतर त्या घरात मावशीनं चहा घेतला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

हळूहळू बोटं सुटत गेली. मावशीनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून भाईच्या तळव्यावर बसवला आणि त्यात चमचा अडकवून दिला. भाई पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जेवला, निम्मा भात शर्टावर सांडला. मग शर्टाची बटणं. मग पेन. तोवर उन्हाळा लागला होता. आमच्या कचेरीनं त्याला तक्रारींच्या फोनवर घेतलं. खांबावरून गप्पा मारणारा माणूस आता फोनवर लोकांच्या शिव्या ऐकू लागला. पण बोलत कमीच होता. घरी तर त्याहून कमी, असं भाभी मावशीला सांगायची. आता त्या दोघींचं बोलणं पुष्कळ वाढलं होतं.

कामावर रुजू झाल्यावर काही दिवसांनी भाईनं आम्हाला जेवायला बोलावलं. कचेरीतले चौघं, मी आणि मावशी. अंगणात सतरंजी अंथरली होती, मधोमध बिर्याणीचं मोठं पातेलं, त्यावरचं झाकण निघालं तसा सगळीकडं वास पसरला. पण कोणी हात लावेना. मावशी असली की जेवणाआधी प्रार्थना होणार, हे सगळ्यांना माहीत. सगळे तिच्याकडं बघत राहिले. ती खाली मान घालून बसलेली.

शेवटी भाईच म्हणाला, “सिस्टर, तुमची दुआ होऊ द्या. बिर्याणी थंडी झाली तरी चालन.”

“नाही रे,” मावशी म्हणाली. “घर तुहं आहे. तुम्हाले बोलावं वाटलं तर तुम्ही बोला. नाही वाटलं तर तसंच जेवू. देव काही रागावत नाही.”

भाईनं मान खाली घातली. कचेरीतला एक जण उगाच खाकरला. भाभी दारात उभी होती, हातात वाढायचा मोठा चमचा. आत जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला.

“काल सकाळी यांनी माझ्याशी भांडण केलं,” ती म्हणाली. “चहात साखर कमी पडली म्हणून. नागपूरहून आल्यापासून जे देईन ते गपचूप पीत होते. मीठ घातलं असतं तरी पिले असते. आणि काल कप बाजूला सरकवला अन् मला म्हणाले, हे काय पाणी उकळून आणलं? पहले जैसेच चिल्लाए. पहिल्यासारखेच. मी आत जाऊन लय रडली. मग चहा परत केला.”

तिनं चमचा तसाच छातीशी धरला आणि डोळे मिटले.

“या अल्लाह, तेरा शुक्र है.”

“आमेन,” मावशी म्हणाली. माझ्या ऐकण्यातली तिची ती सगळ्यात लहान प्रार्थना. मग तिनं पदरानं डोळे पुसले, चष्मा काढून पुन्हा पुसले, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता भाईच्या पाठीत एक धपाटा घातला.

भाईनं मान वर केली. सगळ्यांकडं एकवार पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी आम्हाला त्याचा तो खांबावरचा आवाज ऐकू आला.

“पण खरंच कमी होती ना वो साखर!”